रॅक न लावता हिमालयनवर सॉफ्ट बॅगा: उजवी बॅग सायलेन्सरला चिकटली, आता कशी बांधू?

म्हापशाचा_हिमा | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवीय आणि थोडं रडायचंपण आहे.

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. ती घोड्याच्या नालासारखी रॅकलेस बॅग येते ना, मधला भाग मागच्या सीटवर आडवा आणि दोन पाय दोन्ही बाजूंना लोंबतात, तसली एक सेकंडहँड मिळाली म्हणून घेतली. सॅडल स्टे, म्हणजे बॅगा टेकवायचे लोखंडी रॅक, लावायचे नाहीत. एक तर रोज म्हापशाहून पणजीला जातो, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये दोन्हीकडे लोखंडी कोपरं काढून कोण फिरणार, आणि दुसरं म्हणजे मी पडतो. खोटं कशाला बोलू, सत्तरी तालुक्यातल्या मातीच्या रस्त्यांवर वर्षातून दोनदा तरी गाडी आडवी होतेच, पाय लोखंडाखाली सापडण्यापेक्षा कपड्यांच्या बॅगेखाली सापडलेला बरा.

तर काल ट्रायल म्हणून चोर्ला घाटातून बेळगावला निघालो. साखळी, केरीपर्यंत सगळं मस्त. घाटात मागचा कारवाला सारखा हॉर्न मारत होता, मला वाटलं याला पुढे जायचंय, मी दोनदा हात दाखवला तरी जाईना. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा वास आला. उजवी बॅग सरकून थेट सायलेन्सरवर बसली होती, तळाला वाटीएवढं भोक, आतला रेनकोट वितळून काकवीसारखा काळा झालेला आणि वरून धो धो पाऊस. त्या बिचाऱ्या कारवाल्याला मी मनातल्या मनात काय काय बोललो होतो.

बांधली कशी होती तर चार बंजी कॉर्ड (हुकवाले रबरी दोर), दोन कॅरियरला आणि दोन मागच्या फूटपेगला. बॅगेला स्वतःचेपण सहा पट्टे आहेत पण ते कशाला हे कळलं नाही म्हणून आत कोंबले होते.

चवथीनंतर चिकमगळूरला जायचंय, कारवार-होन्नावर-जोग-सागर असं. तोपर्यंत हे शिकायचंय. हसा, पण हसून झाल्यावर सांगा.

सुशेगाद | सोमवार, रात्री ११:०५

हसलो. पात्रांव, सहा पट्टे आत कोंबून वर बंजी म्हणजे पँटचा बेल्ट खिशात ठेवून पँट हाताने धरून चालण्यासारखं झालं.

३९०चा_हप्ता | सोमवार, रात्री ११:३१

भाऊ, सरळ सॅडल स्टे लाव आणि मोकळा हो. माझ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरला आहेत, मडगावहून हंपीला जाऊन आलो, बॅगेला हातसुद्धा लावावा लागला नाही. रॅकलेस म्हणजे उगाच व्हिडिओ बघून आलेलं खूळ.

घाटवेडा | मंगळवार, सकाळी ७:१५

हप्तासाहेब, तुमचं बरोबर आहे पण त्याने विचारलंय रॅकशिवाय कसं बांधू, आणि तुम्ही सांगताय रॅक लाव. पोहायचं कसं विचारलं तर होडी घे म्हणण्यासारखं आहे.

हिमा, आता तुझं. मी बेळगावचा, चोर्ल्यातून महिन्याला दोनदा तरी खाली उतरतो आणि रॅकलेस पाच वर्षं वापरतोय. पहिली दोन वर्षं मीपण तुझ्यासारखाच.

आधी बंजी फेकून दे. म्हणजे घरात झाडूबिडू बांधायला ठेव, गाडीवर नको. बंजीचा स्वभाव ताणायचा, बॅगेला खड्ड्यात दणका बसला की ती बंजीला ताणते, परत येते, पुन्हा ताणते आणि प्रत्येक वेळी मूळ जागेपेक्षा थोडी बाजूला येऊन बसते. घाटात तर एका वळणात डावीकडे, दुसऱ्या वळणात उजवीकडे असा करवतीसारखा खेळ चालतो. आणि हुक सुटला तर डोळ्यावर येतो तो वेगळा.

आता ते सहा पट्टे कशाला. रॅकवरची बॅग लोखंडावर टेकलेली असते, तिला आत यायला जागाच नाही. रॅकलेसला टेकायला काही नाही, तिला जागेवर धरणारा एकमेव रॅक म्हणजे ते पट्टे. म्हणून पट्ट्याने बॅग सीटवर दाबायची नाही तर तिला वेगवेगळ्या दिशांना ओढून धरायची. दोन पट्टे पुढे आणि खाली, म्हणजे ॲक्सिलरेटर दिला की बॅग मागे पळणार नाही. दोन पट्टे मागे, म्हणजे ब्रेक मारला की ती तुझ्या पाठीत येणार नाही. आणि उरलेले दोन एकमेकांत अडकवून सीटखालून आडवे जातात, डावा पाय उजव्या पायाला धरून ठेवतो. तू नेमकं हेच वापरलं नाहीस म्हणून एक पाय वर गेला आणि दुसरा सायलेन्सरवर बसला.

अँकर कुठे घ्यायचा यावर सगळं अवलंबून. पुढचे दोन मागच्या फूटपेगच्या ब्रॅकेटला. पेगला नाही, ब्रॅकेटला, कारण पेग घडी होतो आणि घडी झाला की पट्टा सैल. मागचे दोन कंपनीचा छोटा कॅरियर आहे त्याच्या पाइपला. नंबर प्लेटच्या प्लास्टिकला, इंडिकेटरच्या दांडीला, साइड पॅनेलला कधी नाही. मी एकदा मडगार्डच्या प्लास्टिकला बांधलं होतं, जांबोटीच्या आधी मडगार्ड आणि बॅग दोघंही सोबत रस्त्यावर.

पाइपला थेट पट्टा गुंडाळू नको, घासून तुटतो. वेबिंगचे, म्हणजे पट्ट्याच्याच विणलेल्या फितीचे, छोटे छोटे फास करून ते ब्रॅकेटला कायमचे अडकवून ठेव आणि बॅगेचा पट्टा त्या फासाला लाव. रोज सीट काढायची गरज राहत नाही.

लाल_धूळ | मंगळवार, सकाळी ९:४८

घाटवेडा यांनी सगळं सांगितलंच आहे, माझी फक्त एक भर. मी डिचोलीचा, एक्सपल्स चालवतो. आपल्याकडची लाल माती बॅग आणि पॅनेलच्या मध्ये गेली की पॉलिश पेपर होते. पहिल्या ट्रिपनंतर मी बॅग उचलली तर दोन्ही पॅनेलवर मॅट फिनिश! बॅग घट्ट असली तरी होतं, सैल असेल तर विचारूच नका.

दोन उपाय. जिथे जिथे बॅग टेकते तिथे पारदर्शक पीपीएफचे (रंग वाचवायला चिकटवतात त्या फिल्मचे) तुकडे लावा, कारवाल्यांच्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात. आणि त्याच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून ठेवला तर बॅग सरकतही नाही, रबराची पकड असते. मात्र पॅनेल पुसून मगच बॅग चढवायची, नाहीतर धूळ आतच अडकून राहते.

सुशेगाद | मंगळवार, सकाळी १०:२०

ट्यूबवरून आठवलं, आमच्या वाड्यावर पोदेर (पाववाला) येतो त्याची अख्खी पाटी सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली असते, पहाटे पाव भरून, वर निळं प्लास्टिक, भर पावसात उतारावरून येतो आणि एक पोई इकडची तिकडे होत नाही. तुम्ही लोक हजारो रुपये घालून जे शिकताय ते पोदेराला विचारा.

घाटवेडा | मंगळवार, दुपारी १:०२

सुशेगाद, तू गंमत करतोस पण पोदेराची पाटी नीट बघ. पट्टा पाटीवरून सरळ खाली जात नाही, तिरका जाऊन कॅरियरच्या कोपऱ्याला अडकतो आणि दुसरा उलट्या दिशेने तिरका. मी वर तेच तर सांगितलं.

म्हापशाचा_हिमा | मंगळवार, रात्री ९:५०

घाटवेडादादा, तुमची पोस्ट प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावलीय.

आज ऑफिसातून येऊन सीट काढली. आडवे पट्टे सीटखालून घेतले, पण मधे बॅटरी आणि वायरिंग येतं तिथे पट्टा वायरीवर दाबला जातोय. पुढून घेऊ की मागून? आणि उजवीकडे भोकाला काय करू? ठिगळ लावायचं की बॅग टाकून द्यायची?

काकाने मागून बघितलं. आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, तोच बांधतो. म्हणाला, नारळाची पेंड (घड) एका दोरीवर लोंबत सोडली तर आरतीच्या वेळी कोणाच्या तरी डोक्यात पडते, कुमयाचा (झाडाच्या सालीचा) दोर दोन बाजूंनी ओढून बांधावा लागतो. मी म्हटलं काका तुम्हीपण फोरमवर आहात काय.

शिवणवाली | बुधवार, सकाळी ८:३३

नमस्कार, मी फोंड्याला असते, गाड्यांची सीट कव्हरं आणि बॅगा शिवते. बाईक चालवत नाही, नवऱ्यामागे बसते, त्यामुळे बॅग नीट नसेल तर पहिला त्रास मला.

भोकाचं आधी सांगते. सायलेन्सरने वितळलेल्या जागी कडा कडक आणि ठिसूळ झालेली असते, तिच्यावर थेट ठिगळ शिवलं तर टाक्याच्या रेषेवर फाटतं. कडक भाग पूर्ण कापून काढायचा, चांगलं कापड लागेपर्यंत, आणि मग आतून-बाहेरून दोन ठिगळं. पण टाक्यातून पाणी येणार हे धरून चाला, आत वेगळी ड्रायबॅग ठेवावीच लागेल.

पट्ट्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलते. बाजारात मिळणारं वेबिंग बहुतेक वेळा नायलॉन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन असतं. नायलॉन मजबूत असतं पण पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. तुम्ही कोरड्या गॅरेजमध्ये कच्चकन ओढून बांधता, तासभर पावसात चाललात की तोच पट्टा सैल. पॉलिएस्टरचं घ्या, ते पाण्यात फारसं ताणत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असतं पण उन्हाने लवकर कुजतं, हाताला खरखरीत लागायला लागलं की समजा गेलं.

पट्ट्याचं टोक कापल्यावर लायटरने बंद करा नाहीतर उसवतं, आणि टोकाला दोन घड्या घालून शिवून टाका म्हणजे बकलमधून पूर्ण निसटणार नाही. बकल दातवालं असेल तर पट्ट्याची जाडी त्याला जुळायला हवी, पातळ पट्टा जाड बकलमध्ये धरतच नाही. लोक नेहमी बकलला दोष देतात.

लाल_धूळ | बुधवार, सकाळी ११:१५

ताई, हे माहीतच नव्हतं. गेली दोन वर्षं पावसाळ्यात मला वाटायचं की मीच नीट बांधत नाही.

३९०चा_हप्ता | बुधवार, दुपारी १२:४०

मी अजूनही म्हणतो स्टे लावा. पण एक मान्य, माझे दोन्ही स्टे मिळून गाडीला पाचेक किलो वजन वाढलंय आणि एकदा काणकोणला डावीकडे पडलो तेव्हा स्टे वाकून पॅनेलमध्ये घुसला. हे मी घरी सांगितलेलं नाही.

सुशेगाद | बुधवार, दुपारी १२:४४

हप्ता किती उरला?

३९०चा_हप्ता | बुधवार, दुपारी १२:५१

चौदा.

घाटवेडा | बुधवार, रात्री १०:१०

हिमा, बॅटरीच्या मागून घे, पुढून नको. पट्टा वायरीवरून जाणारच असेल तर तिथे ट्यूबचा तुकडा मधे घाल. सीट बसवल्यावर चावी नीट फिरते ना बघ, फिरत नसेल तर पट्टा लॉकवर येतोय. आणि एक लक्षात ठेव, सगळं बांधून झाल्यावर सीट उघडायची तर अख्खं सामान उतरवावं लागतं, म्हणून टूलकिट आणि पंक्चरचं सामान सीटखाली ठेवू नको. बॅगेतही अगदी तळाशी नको. मी पुढच्या क्रॅशगार्डला छोटी पाउच लावलीय.

सायलेन्सर. उजव्या बाजूला हीट शील्ड हवंच, बॅगेला नाही तर सायलेन्सरला. ॲल्युमिनियमची पट्टी, स्टीलच्या होज क्लॅम्पने बांधायची, मधे वॉशर घालून पट्टी आणि पाइप यांच्यात हवा खेळेल एवढं अंतर ठेवायचं. पट्टी सरळ पाइपला चिकटवली तर ती पाइपाएवढीच तापते, मग उपयोग काय. आणि शील्ड असलं तरी बॅग चार बोटं लांबच राहायला पाहिजे. शील्ड चुकून टेकली तर वाचवायला असतं, टेकवून ठेवायला नाही.

अंतर मोजायचं ते सामान भरून आणि तू वर बसून. हे बहुतेकजण चुकतात, रिकामी बॅग साइड स्टँडवर उभ्या गाडीला लावून बघतात आणि वाटतं किती जागा आहे. ४११ च्या मागच्या चाकाचा ट्रॅव्हल १८० मिमी आहे. म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक जवळजवळ एक वीत वर येतं. बॅगेचा मागचा भाग टायरच्या वर लोंबत असेल तर ती वीत धरूनच मोज. दोन मित्रांना मागे बसवून गाडी दाब आणि तिसऱ्याला खाली वाकून बघायला सांग.

पट्ट्यांची उरलेली टोकं, हे सगळ्यात धोक्याचं. डावीकडे चेन आहे. एक लोंबतं टोक स्प्रॉकेटमध्ये गेलं की पट्टा गुंडाळत बॅग आत ओढली जाते आणि चाक जाम. टोकाची गुंडाळी करून वेल्क्रोने बांधायची, वेल्क्रो नसेल तर ट्यूबची रिंग. लांब पट्ट्याला मधे एक पीळ दिला तर वाऱ्यात फडफड करत नाही, फडफडीनेसुद्धा बकल ढिलं होतं.

वजन. जड ते खाली आणि पुढे, तुझ्या मांडीच्या जवळ. मागच्या आडव्या भागात फक्त कपडे, झोपायचं सामान. तिथे वजन ठेवलंस तर पुढचं चाक हलकं होतं आणि सत्तर-ऐंशीला हँडल डुलायला लागतं, मग लोक टायरला दोष देतात. मागची प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) वाढव, टायर प्रेशर मॅन्युअलमध्ये मागे माणूस बसल्यावर जेवढं लिहिलंय तेवढं. गॅस, पेट्रोलची बाटली असलं काही उजव्या बाजूला नको, का ते तुला सांगायला नको.

बॅग अर्धी भरली असेल तर कितीही ओढ, दहा किलोमीटरवर सैल. आतला माल बसतो, जागा होते, पट्टा ढिला. टॉवेल, स्वेटर कोंबून टाइट कर आणि रोलटॉप, म्हणजे बॅगेचं गुंडाळून बंद करायचं तोंड, तीन वेळा तरी गुंडाळ, हवा काढून.

झोपतो आता, बोटं दुखली.

पिवळी_प्लेट | गुरुवार, सकाळी ६:५५

मी मुंबईहून डिसेंबरात गोव्यात येणार, भाड्याच्या बाईकवर ही बॅग लावली तर चालेल का?

सुशेगाद | गुरुवार, सकाळी ९:०१

चालेल, पण भाड्याच्या गाडीला काळी प्लेट पिवळी अक्षरं, तुमचं नाव उलटं झालं. गाडी घेताना पॅनेलचे फोटो काढून ठेवा. लाल_धूळ यांची मॅट फिनिशवाली पोस्ट वाचा आणि मग डिपॉझिटचा विचार करा.

म्हापशाचा_हिमा | रविवार, संध्याकाळी ७:२०

रिपोर्ट.

आज पुन्हा चोर्ला. शिवणवाली ताईंच्या सांगण्यावरून पॉलिएस्टरचे पट्टे आणले, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाही मिळाले, शेवटी छत्र्या आणि ताडपत्र्या विकणाऱ्याकडे मिळाले. शील्ड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, तो विचारत होता की हे सायलेन्सरला टोपी कशाला.

एक गोष्ट मी स्वतः केली, ती सांगतो. प्रत्येक बकलच्या कडेला पट्ट्यावर पांढऱ्या मार्करने आडवी रेघ मारली. पट्टा सरकला तर रेघ बकलपासून लांब जाते, हात लावून अंदाज घ्यायची गरज नाही, थांबलं की नुसतं बघायचं.

साखळीला थांबलो, वीसेक किलोमीटर झाले असतील. सहापैकी चार रेघा अर्धा बोट सरकलेल्या! म्हणजे सामान बसलं. परत ओढले, नवी रेघ मारली. मग केरी, घाट, पूर्ण पाऊस, धुकं एवढं की समोरचा ट्रक फक्त लाइटवरून कळत होता. कणकुंबीला त्याच टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने ओळखलं, म्हणाला आज वास नाही आला. रेघा जागच्या जागी. सायलेन्सर आणि बॅग यांच्यात माझी चार बोटं जातायत.

वाईट बातमी म्हणजे मागचे दोन्ही इंडिकेटर अर्धे झाकले जातायत. परत येताना मित्र मागे होता, तो म्हणाला उजवीकडे वळतोयस हे मला तू वळल्यावर कळलं.

आणि ८०० मिमीची सीट आहे, माझी उंची बेताची, मागे बॅग चढली की पाय फिरवून बसणं जमत नाही. आता डाव्या पेगवर उभं राहून घोड्यावर बसल्यासारखा चढतो. वाड्यावरची पोरं बघायला येतात.

घाटवेडा | रविवार, रात्री ८:४५

शाब्बास. रेघेची आयडिया चोरतोय.

इंडिकेटरसाठी मागचे दोन पट्टे एक बकलभर वर घे, म्हणजे बॅगेची मागची खालची कड उचलली जाईल. नंबर प्लेटपण पूर्ण दिसायला हवी, कारवारच्या पुढे पोलीस थांबवतात तेव्हा आधी तेच बघतात. साइड स्टँडवरून चढत असशील तर पूर्ण वजन पेगवर टाकू नको, स्टँड ओल्या मातीत रुततो.

लाल_धूळ | रविवार, रात्री ९:१०

घरी आल्यावर बॅग ओली कोंबून ठेवू नको रे. ऑगस्टमध्ये आपल्याकडे तीन दिवसांत पांढरी बुरशी. माझी एक बॅग माळ्यावर ठेवली होती, दसऱ्याला काढली तर आईने ती घरात आणू दिली नाही.

शिवणवाली | सोमवार, सकाळी ८:०५

उलटी करून पंख्याखाली वाळवा, थेट उन्हात तासन्तास नको, आतलं कोटिंग सुटतं. आणि ठिगळाचं काय केलंत?

म्हापशाचा_हिमा | सोमवार, सकाळी ८:५०

भोक अजून तसंच आहे ताई, आत दुधाची पिशवी लावून चालवलं. शनिवारी फोंड्याला येतो, बॅग आणि उजवा मागचा बकल दोन्ही दाखवायला, घरी येऊन नीट बघितलं तर तोच एकटा परतीच्या वाटेत एक रेघ सरकलाय. पट्टा पातळ आहे की बकल जाड, तुम्हीच सांगा.